तळं गळतं म्हणून

दिवाळीनंतर माहेरी गेले होते. संध्याकाळी देवळापुढच्या पारावर माणसं जमली होती आणि विषय तळ्याचा निघाला होता. पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी तळ्यात सोडून घ्यायचं तर वर्गणी एकरी काढायची की विहिरीमागे, गेल्या साली कुणाची राहिली, असं ते बोलणं चाललं होतं. मी पलीकडच्या ओट्यावर आईजवळ बसून ऐकत होते. माझा भाचा, शेतकीची पदविका घेऊन गावातच राहिलेला, कांद्यात बऱ्यापैकी जम बसवलेला पोरगा, जरा तावातच म्हणाला, “पैसे भरायचे आपण आणि दीड महिन्यात तळं कोरडं. तळं गळतंय हे सगळ्यांना दिसतंय. एकदाच काय तो खर्च करा आणि आतून कागद टाका. विषय संपला.” शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद त्याच्या डोळ्यांपुढे होता. दोन-चार माना हलल्या. कुणीतरी एवढ्या मोठ्या कागदाला किती पडतील ते विचारलं. अरे, हे तळं गळण्यासाठीच बांधलंय, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

पारावरच्या बोलण्यात बायकांनी पडायची आमच्याकडे अजूनही फारशी रीत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो ‘कागद’ डोक्यातून जाईना. कारण हे बोलणाऱ्या पोराचा कांदा ज्या विहिरीवर उभा आहे, ती विहीर तळ्याच्याच खालच्या अंगाला, ओढ्याकाठी आहे. माझ्या आजोबांनी ती खणली तेव्हा तळं नव्हतं, आणि संक्रांतीला तिच्यात घागर बुडत नसे. आता होळीपर्यंत तिच्यावर मोटार चालते. मधे घडलं ते एवढंच, की वरच्या अंगाला एक तळं आलं आणि ते गळायला लागलं. घरातल्या विहिरीत पाणी कुठून येतं हे घरातल्याच पोराला ठाऊक नसावं, याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं.

त्याला दोष द्यावा असंही वाटेना.

आमच्या तळ्याला धरण म्हणावं असं बाहेरून त्यात काही दिसत नाही. कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या जिरायत पट्ट्यात अशी तळी गावोगाव आहेत. दोन टेकाडांच्या मधून ओढा येतो आणि जिथे त्याची वाट अरुंद होते तिथे मातीचा आडवा भराव घातलेला असतो. खालून पाहिलं तर भराव म्हणजे गवत उगवलेलं एक लांबट टेकाड. पायवाटेने वर चढलं की एकदम पाणी समोर येतं. पाण्याकडची बाजू दगडांनी बांधून काढलेली, पिचिंग म्हणतात त्याला, आणि त्या दगडांवर पाणी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा. एका टोकाला सांडवा. दार नाही, कालवा नाही, फिरवायला चाक नाही. पाहुणे येतात तेव्हा हमखास विचारतात, पाणी बाहेर कुठून काढता? बाहेर काढायची सोय मुळात ठेवलेलीच नाही. पावसात ओढा येतो, तळं भरतं, जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि उरलेलं बुडातून जमिनीत मुरतं. सरकारदप्तरी नाव पाझर तलाव. गावात नुसतं तळं.

हे तळं बहात्तरच्या दुष्काळातलं. आई तेव्हा नवी नवरी होती. माहेरची बरी परिस्थिती, माती वाहायची सवय नाही, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबरोबर दुष्काळी कामावर जावं लागलं. “तुझा भाऊ पोटात आन् पाटी डोक्यावर,” असं ती सांगते तेव्हा तिच्या आवाजात कौतुकही नसतं आणि तक्रारही नसते. सकाळी मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा. पुरुष टिकावाने माती खणायचे, बायका पाट्या भरून भरावावर नेऊन टाकायच्या. खणलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच सोडायचा, किती खोल गेलं ते त्यावरून मोजायला. माप घेणारा येईपर्यंत पोरांना त्या उंचवट्याला हात लावायची बंदी असे, कारण तो ढासळला की त्या हप्त्याची मजुरी वादात पडायची. दुपारी पोराबाळांना सुकडी मिळायची. घरी मिलोच्या भाकरी, त्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या. आई म्हणते, ती भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाला लागायची, पण होती म्हणून माणसं जगली. आजही घरात कुणी भाकरीला नाव ठेवलं की ती एकच शब्द उच्चारते, ‘मिलो’, आणि पुढे काही बोलत नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या आधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हाताला काम देण्याचा एक लहान प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळाने तो विचार सगळ्या राज्यापुढे आणला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या वर्षांत या भागात जी तळी, बंधारे, कच्चे रस्ते झाले त्यांच्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही. आमच्या तळ्यावरही नाही. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, तिने त्याच्यावर माती टाकलेली असते.

मातीचं धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही आईकडूनच. आधी भरावाच्या मध्यरेषेवर लांबच लांब चर खणला. त्यात काळी चिकण माती भरली आणि तिचाच गाभा वर उंच नेला. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. पण ती उन्हात उघडी पडली तर भेगाळते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं जाड पांघरूण. पाण्याकडे लाटांचा मार बसतो म्हणून दगड, आणि मागच्या पायथ्याला झिरपलेलं पाणी माती न नेता निघून जावं म्हणून दगडगोट्यांची टाच. माती एकदम ओतायची नाही. वीतभर थर, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मस करायची, म्हणजे ठोकून दाबायची, मग पुढचा थर. आई सांगते, धुम्मस करायला माणसं होती, मारायला पाणी कुठून आणायचं? प्यायचं पाणीच टँकरने येत होतं. तरी लांबच्या डोहातून बैलगाडीवर पिंपं आणून जमेल तेवढं शिंपडलं. पहिल्या दोन पावसाळ्यांत भराव चांगलाच बसला, मधे खचला, मग पुन्हा माती टाकून सारखा केला. धरण माणसाळायलाही काही वर्षं लागतात.

साठवण तलावात तो पायाचा चर कठीण, पाणी न सोडणाऱ्या थरापर्यंत नेतात. पाझर तलावात तितका खोल नेत नाहीत. भरावाखालून पाणी हळूहळू पलीकडे जावं, अशीच योजना असते. आमच्याकडे वरची माती हात-दोन हात, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे कच्चा खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. तळ्याच्या बुडातून ते मुरमात उतरतं आणि ओढ्याच्या वळणाने जमिनीच्या आतून खाली खाली सरकतं. पहिल्यांदा तळ्यालगतच्या विहिरींचे उपळे फुटतात, मग मधल्या, मग पार गावाखालच्या. माझ्या लहानपणी गणपतीत तळं सांडव्याला लागलं की माझे वडील, अण्णा, रोज सकाळी विहिरीवर जाऊन दोर सोडून पाहायचे. मधे काही दिवस काहीच व्हायचं नाही. मग एका सकाळी काळ्या पाषाणाच्या भेगेतून करंगळीएवढी धार विहिरीत पडताना दिसायची. अण्णा घरी येऊन मोठ्याने काही सांगत नसत. चहा मात्र दोनदा मागायचे.

आणि हे मुरणं लवकर होणंच चांगलं. जानेवारी सरला की ऊन तापायला लागतं. उथळ, पसरट पाण्यावरून आमच्याकडे वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. जमिनीखाली गेलेल्या पाण्याला ऊन लागत नाही. म्हणून जाणकार सांगतात, पाझर तलाव माघापर्यंत रिकामा झाला तर त्याने आपलं काम केलं. चैत्रातही ज्याच्यात पाणी डुलतंय, दिसायला सुंदर दिसतंय, तो बुडाशी गाळ बसून कोंडलेला असण्याचा संभव फार. आमचं तळं पौषात तळ दाखवतं. भाच्याच्या डोळ्यांना तो तळ दिसतो. विहिरीतली धार त्याला जन्मापासून तिथेच असल्यासारखी वाटते.

पण मी एकट्या विहिरींचंच सांगत बसले तर तळ्यावर अन्याय होईल. पाणी असतं त्या चार-पाच महिन्यांत ते किती कामांना येतं! घट बसायच्या आधी घरातली प्रत्येक गोधडी तिथे जायची. बैलगाडीत गोधड्यांचा ढीग, त्यावर आम्ही पोरी. ओली गोधडी दोघींनीही उचलत नाही. चौघी चार कोपरे धरून पिळायच्या आणि पिचिंगच्या तापलेल्या दगडांवर वाळत घालायच्या. सगळा भराव लाल-हिरव्या ठिगळांनी भरून जायचा. ओल्या जुन्या कापडाचा, रिठ्याचा आणि गाळाचा मिळून जो वास यायचा तो मला अजून कुठेही ओळखता येईल. पोळ्याला बैल तिथेच धुवायचे. धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरायच्या आधी मेंढरं त्याच पाण्यात घालून धुवायचे आणि मग कातरणी. मेंढराला पाणी आवडत नाही. पहिलं ढकलावं लागतं, मग बाकीची आपोआप मागोमाग उड्या टाकतात. थंडी पडायला लागली की पाण्याच्या कडेला धोबी पक्षी शेपटी हलवत पळताना दिसतो, आणि एखाद्या साली तांबूस चक्रवाकांची जोडी उतरते. टिटवी तर बारा महिने आहेच, तळं आटलं तरी ती जागा सोडत नाही. पंचायत मासेमारीचा लिलाव करते. पूर्वी मरळ मिळायची, आता जाळ्यात जास्त करून चिलापीच येते.

घराघरांत नळ आला, धुण्याची यंत्रं आली, बैल गेले. गोधड्याही आता कुणी शिवत नाही. तळ्यावर जायचं कारणच संपत चाललंय. भाच्याला तळं माहीत आहे ते रस्त्यावरून मोटारसायकलने जाताना दिसतं तेवढं. ज्या पाण्यात आपण कधी पाय बुडवून बसलो नाही, त्याच्याविषयी आपल्याला फक्त ते किती आहे एवढंच कळतं.

वरच्या आळीतल्या आक्कांच्या घराची गोष्ट मात्र वेगळी. तळ्याच्या बुडीतात त्यांच्या सासऱ्यांची चार एकर गेली, आणि ती गावातली सगळ्यात कसदार, ओढ्याकाठची काळी. मोबदला मिळायला वर्षानुवर्षं लागली आणि हातात आला तेव्हा त्यात खडकाळ एकरही येत नव्हता. ज्यांनी माती वाहिली त्यांना मजुरी मिळाली, ज्यांच्या विहिरी खाली होत्या त्यांना पाणी मिळालं. यांचं मात्र शेतच पाण्याखाली गेलं, आणि त्या पाण्यातलं थेंबभरही त्यांच्या उरलेल्या वरच्या माळापर्यंत चढलं नाही. आमच्या घरातली दोन शिक्षणं आणि माझं लग्न त्या विहिरीवर झालं, हे मला ठाऊक आहे. आक्कांची पोरं पुण्याला हमालीला गेली, हेही ठाऊक आहे. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की मला तळ्याचं नुसतं कौतुक करता येत नाही.

पौषात पाणी मागे हटायला लागलं की बुडीतातून एक चौकोनी दगडी थारोळं वर येतं. आक्कांच्या सासऱ्यांच्या मोटेचं. ज्या दगडावरून मोटेचं पाणी पाटात पडायचं तो मधोमध घासून गुळगुळीत झालेला आहे. इतकी वर्षं गाळात राहूनही त्याची खोबण भरलेली नाही. त्याच्या भोवतीच्या ओल्या गाळात आक्का दरवर्षी हरभरा पेरतात. गाळपेर. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. पाणी जसं उतरत जाईल तसं मागोमाग टोकत जायचं. कागदोपत्री ती जमीन आता सरकारची आहे, पण त्या तुकड्यात गावातलं दुसरं कुणी कधी बी टाकत नाही. हे कुणी ठराव करून ठरवलेलं नाही. त्या हरभऱ्याचे सोलाणे आक्का दरसाल आमच्याकडे पाठवतात, आणि आई ते निवडताना नेहमीपेक्षा गप्प असते.

भाच्याने कागद टाकायची भाषा केली तेव्हा ही गाळपेरसुद्धा कागदाखाली जाणार होती, हे त्याच्या लक्षातही आलं नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन तळ्यावर गेले. तिथून ओढ्याने खाली चालत प्रत्येक विहिरीत वाकून पाहत आलो. तळ्यालगतची विहीर काठोकाठ, त्याखालची चार हात खाली, आमची सात-आठ हात, गावाखालची अजून खोल, पण सगळ्यांत पाणी. ओढ्यापासून लांब, टेकाडाच्या पलीकडच्या विहिरीत मात्र आताच तळाचा दगड दिसत होता. तो हुशार आहे, फार सांगावं लागलं नाही. पण पटलं म्हणून तो गप्प बसला असंही नाही. म्हणाला, “आत्या, आभाळाचं पाणी मुरू दे की. त्याला माझी काय हरकत? पण उपशाचं पाणी विकतचं आहे. मी पैसे भरणार आणि ज्यानं दमडी दिली नाही त्याच्या विहिरीत ते जाणार. हे कसं चालेल?”

याला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्याच्या प्रश्नात सगळी गोम आहे. पाणी फुकट होतं तोवर कुणाच्या विहिरीत किती गेलं हे कुणी विचारलं नाही. मुळा-मुठेचं पाणी पंपाने डोंगर चढवून, वीजबिलाच्या हिशेबाने येऊ लागलं आणि मुरणारा प्रत्येक थेंब कुणाच्या तरी खिशातून गेल्यासारखा दिसू लागला. त्याआधीच काही जणांनी तळ्यात मोटारी टाकल्या होत्या. रात्री वीज आली की पाणी उपसायचं, आपल्या शेततळ्यात भरायचं, कागदावर ठेवायचं. शेततळं वाईट नाही. फळबागेला मे महिन्यात तेच तारतं. पण पावसाचं पाणी आपल्या रानात अडवून शेततळं भरणं निराळं आणि सगळ्यांच्या तळ्यातलं उपसून भरणं निराळं. तळ्यातून पाझरणारं पाणी कुणाला अडवता येत नाही, कुणाला पुरतं धरताही येत नाही, म्हणूनच ते सगळ्यांचं राहतं. मोटार बसली की त्याला मालक मिळतो. ज्याच्यापाशी पाइप आणि कागद यांना पैसा आहे, त्याची सोय होते. खालच्या अंगाच्या लहान विहिरी माघातच घसा कोरडा करतात. त्या विहिरींचे मालक पारावर बोलत नाहीत.

मी त्याला नायगावचं सांगितलं. आमच्यापासून लांब नाही ते. बहात्तरच्याच दुष्काळात पुण्यातले एक उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदरात फिरले आणि नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेऊन तिथे बांधबंदिस्ती, तळं, विहीर असं करत बसले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं आणि पुढे पाणी पंचायत. तिचे नियम आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. जिथे एकेका बांधावरून भावाभावांची डोकी फुटतात त्या मुलखात माणसांनी हे मान्य केलं आणि पाळलं. साळुंखे २००२ मध्ये गेले. भाचा सगळं ऐकून म्हणाला, “तिथं एक माणूस उभा राहिला, आत्या. इथं कोण राहणार?” मी त्याच्याकडेच पाहत होते. तो मोबाइलकडे पाहायला लागला.

परत येताना सांडव्याकडून आलो आणि तिथे जे दिसलं त्याने माझ्या पोटात खड्डा पडला. सांडव्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी वाळूची पोती आणि दगड रचून हात-दीड हात उंची वाढवली होती. पाणी जास्त राहावं, मासळी जास्त राहावी म्हणून. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. दगडी धरणावरून पाणी वाहिलं तरी ते उभं राहू शकतं. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून एकदा का पाणी वाहायला लागलं की माती धुपत धुपत भगदाड पडतं आणि मग काही हातात राहत नाही. भरावावर बाभळीही चांगल्या मनगटाएवढ्या झाल्यात. सावली बरी वाटते, पण मुळं मेली की त्यांच्या जागी आतून पोकळ नळ्या राहतात, पाणी त्यातून वाट काढतं. घुशींची बिळं आहेत ती वेगळीच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच होतं. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधी केल्या होत्या. अंधारात वाडीवर पाणी आलं आणि घरंच्या घरं माणसांसकट वाहून गेली. आमच्या तळ्याखालीही आता ओढ्याच्या काठाने घरं झाली आहेत. आक्कांचा थोरला मुलगा परत येऊन तिथेच राहतो.

म्हणजे गळतीगळतीत फरक आहे, आणि तो फरक गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवा. भरावाच्या मागच्या पायथ्याशी, दगडाच्या टाचेतून निवळशंख पाणी थेंबथेंब येत असेल तर भ्यायचं कारण नाही. तेच पाणी एके दिवशी गढूळ यायला लागलं, त्यात माती दिसली, किंवा भरावाच्या उतारावर भलतीकडेच ओल फुटली, तर त्या क्षणी धावत सुटायचं, रात्र असो की पाऊस. गढूळ पाणी म्हणजे धरण आतून वाहतंय. आईला हे कुणी शिकवलेलं नाही. पण ती अजूनही पावसाळ्यात तळ्याकडून येणाऱ्याला विचारते, “पाणी कसं येतंय रं, निवळ का लाल?” हे विचारणारी तिच्या वयाची माणसं आता फार थोडी उरली आहेत. तळी ज्यांच्या ताब्यात असतात त्यांच्याकडे माणसं कमी आणि तळी फार. पावसाळ्यात प्रत्येक भरावावर कुणी साहेब येऊन वाकून पाहील, ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही. गावानेच पाहायला हवं.

पोती भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी त्याच दिवशी काढली. ती कुणी ठेवली ते त्यांना माहीत असावं, मी विचारलं नाही. कागदाचा विषय अजून मिटलेला नाही. पुढच्या बैठकीत निघेल तेव्हा आई बोलणार आहे, पार असो की काही असो. वर्गणी विहिरीमागे काढावी, तळ्याखालच्या सगळ्या विहिरी मोजून, आणि ज्याच्याकडे द्यायला नाही त्याच्याकडून श्रमदान घ्यावं, असं तिचं म्हणणं. तळ्यातल्या मोटारी मात्र सगळ्यांच्या सगळ्या उचलाव्यात, आपल्या नातवाच्या चुलत्याची आहे ती धरून. हे ऐकून घरात दोन दिवस बोलणी बंद होती.

गाळ काढायचं मात्र एकमताने ठरलंय. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून सरकारची योजना आहे, तिच्यातून यंत्र मिळण्यासारखं आहे. वाहतूक ज्याची त्याने करायची. बुडाशी बसलेला तो बारीक चिकण थर निघाला की तळं पुन्हा जोमाने मुरायला लागेल, आणि तोच थर माळावर पसरला की माळात ज्वारी येते. मी भाच्याला दोन गोष्टी लिहूनच पाठवल्या आहेत. भरावाच्या पायथ्यालगत यंत्र नेऊ द्यायचं नाही, आणि गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं, मुरूम रस्त्यासाठी कितीही चांगला असला तरी. ट्रॉल्या कुणाच्या आधी भरायच्या यावर आता भांडण लागलंय. ज्यांचे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत ते म्हणतात, ज्याचा नंबर त्याचा गाळ. माझं मत मी फोनवर भावाला सांगितलंय आणि इथेही सांगते. पहिल्या ट्रॉल्या आक्कांच्या वरच्या माळावर गेल्या पाहिजेत, आणि त्यांचं भाडं तळ्याखालच्या विहीरवाल्यांनी भरलं पाहिजे, आमच्यासकट. तो गाळ त्यांच्याच शेताचा आहे. भाऊ म्हणाला, बघू. भाच्याने मात्र किती ट्रॉल्या लागतील ते विचारायला आक्कांच्या घरी जाऊन माळ मोजून आणलाय.